चालत्या प्रोग्रामची विचारपूस

बऱ्हाणपूरच्या कापडबाजारात बिलं संगणकावर होऊ लागली त्याला आता बरीच वर्षं झाली. सिंधीपुऱ्यातल्या एखाद्या पेढीत गेलात तर कोपऱ्यात एक जुना संगणक दिवसरात्र चालू दिसेल. त्यावर लिनक्स असतं, हिशेबाचा प्रोग्राम असतो, मागे एखादा डेटाबेस असतो. या यंत्राला जोडीदार नसतो. मोठ्या कंपन्यांत चाचणीसाठी वेगळं यंत्र, सरावासाठी वेगळं आणि खऱ्या कामासाठी वेगळं अशी सोय असते. इथे धंदा ज्यावर चालतो तेच एक यंत्र, आणि दोष उद्भवतो तोही त्याच यंत्रावर, भर गर्दीच्या वेळी. ते बंद करून तपासायचं म्हटलं तर शेठ रात्रीपर्यंत थांबायला सांगतात, आणि रात्री गर्दी ओसरली की दोषही दिसेनासा होतो.

हे पुस्तक अशा यंत्रांजवळ बसणाऱ्या माणसांसाठी आहे. लिनक्सच्या कर्नलमध्ये २०१२ पासून युप्रोब नावाची एक सोय आहे. चालू असलेल्या जवळजवळ कोणत्याही प्रोग्राममधल्या हव्या त्या सूचनेवर तिच्या मदतीने पहारा बसवता येतो. प्रोग्राम बंद करावा लागत नाही, पुन्हा कंपाइल करावा लागत नाही, त्याच्या मूळ लेखकाची परवानगीही लागत नाही. काम झालं की पहारा उठवायचा, आणि प्रोग्राम पूर्वीसारखा चालत राहतो. ही सोय अमेरिकेतल्या प्रचंड सर्व्हर-दालनांतच उपयोगी पडते असा एक समज आहे. मला नेमकं उलट वाटतं. ज्याच्याकडे दुसरं यंत्र नाही त्याला तिची गरज सर्वांत जास्त आहे, आणि मराठीत हा विषय सविस्तर यावा असं मला वाटत होतं ते त्याचमुळे.

दोष शोधण्याचे जुने मार्ग आपल्या सगळ्यांच्या सरावाचे आहेत. पहिला मार्ग म्हणजे प्रोग्राममध्ये जागोजागी छापण्याच्या ओळी घालणं. त्यासाठी मूळ कोड हातात हवा, आणि प्रोग्राम पुन्हा सुरू करायची मुभा हवी. दुसरा मार्ग डीबगरचा. तो प्रोग्रामला थांबवतो. एकटा प्रोग्राम घेऊन अभ्यास करताना हे चालतं, पण दहा माणसं ज्या डेटाबेसवर काम करताहेत तो एका ओळीवर गोठवून ठेवणं म्हणजे दुकान बंद करणंच. तिसरा मार्ग एसट्रेसचा. प्रोग्राम कर्नलकडे कोणकोणत्या मागण्या करतो ते तो दाखवतो, आणि पुष्कळदा तेवढ्यानं भागतंही. पण त्यात प्रत्येक मागणीला प्रोग्राम अडवला जातो, निरीक्षक प्रोग्राम जागा होतो, नोंद करतो, मग पहिल्याला पुढे सोडतो. ही ये-जा इतकी महाग पडते की आधीच मंद झालेला प्रोग्राम आणखी मंद होतो. शिवाय प्रोग्रामच्या आत, त्याच्या स्वतःच्या फंक्शनांमध्ये काय चाललंय, हे एसट्रेसला दिसत नाही. प्रोग्राम कर्नलच्या दाराशी आला तरच त्याला कळतं.

पहारा कर्नलनेच ठेवावा, ही कल्पना लिनक्समध्ये आयबीएमच्या लोकांनी आणली. ओएस/टू या त्यांच्या जुन्या प्रणालीत असं एक साधन होतं. त्याच धर्तीवर रिचर्ड मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० च्या सुमारास लिनक्ससाठी डायनॅमिक प्रोब्स तयार केलं. या गटात बंगळूरच्या सुपर्णा भट्टाचार्य होत्या. पहाऱ्याची ठिकाणं कर्नलमध्येही ठेवता यावीत आणि सामान्य प्रोग्रामांतही, असा त्याचा दुहेरी आवाका होता. लिनक्सच्या मुख्य कोडमध्ये मात्र त्यातला कर्नलपुरता भाग आधी गेला: केप्रोब, २००४ साली, २.६.९ या आवृत्तीत. त्यावर प्रसन्ना पंचमुखी, अनंत माविनकायनहळ्ळी यांच्यासारख्या आयबीएमच्या भारतीय अभियंत्यांनी पुष्कळ काम केलं. सामान्य प्रोग्रामांचा भाग बाहेरच राहिला, आणि तो आत यायला आणखी आठ वर्षं लागली.

एवढा काळ का लागला, हे समजून घेण्यासारखं आहे. कर्नलचा कोड एकच असतो, तो स्मृतीत एकाच जागी असतो आणि कर्नलच्या पूर्ण ताब्यात असतो. सामान्य प्रोग्राम शेकडो असतात, सुरू होतात, मरतात, स्वतःच्या प्रती काढतात, एकच लायब्ररी अनेकजण वाटून वापरतात. तिकडे सन कंपनीत ब्रायन कँट्रिल, माइक शॅपिरो आणि ॲडम लेव्हेंथॉल यांनी डीट्रेस तयार केलं. २००५ च्या सोलॅरिस १० मध्ये ते कर्नल आणि प्रोग्राम दोन्हींवर नजर ठेवत होतं, आणि लिनक्सवाल्यांना ते बोचत होतं. त्याच वर्षी रेड हॅट, आयबीएम, इंटेल आणि हिताची यांनी मिळून सिस्टिमटॅप सुरू केलं. सिस्टिमटॅपला प्रोग्रामांच्या आत पाहायचं होतं, म्हणून आयबीएमचे जिम केनिस्टन आणि श्रीकर द्रोणमराजू यांनी युप्रोबची पहिली रूपं रचली. ती रोलंड मॅकग्राथ यांच्या युट्रेस या पायावर उभी होती, आणि युट्रेस मुख्य कर्नलमध्ये कधीच स्वीकारलं गेलं नाही. पाया नाकारला गेल्यावर वरचं बांधकाम नव्यानं करावं लागलं. आजही कर्नलमधली युप्रोबची फाइल उघडली तर वर आयबीएमच्या नावापुढे २००८ ते २०१२ अशी वर्षं दिसतात, खाली लेखक म्हणून श्रीकर आणि जिम यांची नावं, आणि त्यानंतर रेड हॅटतर्फे पीटर झिल्स्ट्रा यांचं. जुलै २०१२ मधल्या लिनक्स ३.५ मध्ये ते काम अखेर सामावलं. वर्षानुवर्षं एकच गोष्ट पुन्हापुन्हा लिहिणाऱ्या, टीका ऐकून पुन्हा मोडून बांधणाऱ्या या माणसांबद्दल मला अतिशय आदर आहे.

नव्या रचनेतला खरा बदल एका प्रश्नात होता: पहारा कोणावर बसवायचा? आधी तो प्रक्रियेवर, म्हणजे चालू असलेल्या एका विशिष्ट प्रतीवर बसत असे. नव्या रचनेत तो फाइलवर बसतो. डिस्कवर प्रत्येक फाइलला आयनोड नावाची ओळख असते. तो आयनोड आणि फाइलच्या सुरुवातीपासूनचं अंतर, एवढी जोडी कर्नलला दिली की झालं. त्या फाइलमधला कोड जो जो प्रोग्राम स्मृतीत घेईल, आज चालू असलेला असो की तासाभराने सुरू होणारा, त्या प्रत्येकात पहारा आपोआप बसतो. सी लायब्ररी हे याचं उत्तम उदाहरण. तिच्यातल्या एका फंक्शनवर पहारा ठेवला, तर ती वापरणारे यंत्रावरचे सगळे प्रोग्राम एकदम नजरेखाली येतात.

आत काय घडतं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण पुढची सगळी प्रकरणं त्यावर उभी आहेत. पहारा बसवताना कर्नल त्या ठिकाणची मूळ सूचना स्वतःकडे जपून ठेवतो आणि तिच्या जागी ब्रेकपॉइंटची सूचना लिहितो. इंटेलच्या जातीच्या प्रोसेसरवर ती अवघ्या एका बाइटची असते. हे लिहिताना डिस्कवरची फाइल बदलत नाही. कर्नल स्मृतीतल्या त्या पानाची त्या प्रक्रियेपुरती वेगळी प्रत काढतो आणि बदल तिच्यात करतो. प्रोग्राम चालत चालत त्या ठिकाणी पोहोचला की प्रोसेसर आपोआप कर्नलमध्ये शिरतो. हा आयनोड आणि हे अंतर आपल्या यादीत आहे का, हे कर्नल पाहतो, असेल तर आपण सांगितलेलं काम करतो: वेळ नोंदवणं, फंक्शनला दिलेले आकडे वाचणं, एखादा मोजणीचा आकडा एकने वाढवणं. मग मूळ सूचनेचा हिशेब पुरा करावा लागतो, नाहीतर प्रोग्रामचं काम बिघडेल. यासाठी ब्रेकपॉइंट क्षणभर काढून सूचना जागेवर चालवता येत नाही, कारण त्याच क्षणी दुसरा धागा तिथून निसटून जाऊ शकतो. म्हणून प्रक्रियेच्या स्मृतीत एक स्वतंत्र पान राखलेलं असतं. मूळ सूचनेची प्रत त्या पानावर चालवली जाते, एकच पाऊल, आणि प्रोग्राम पुन्हा आपल्या वाटेला लागतो. ब्रेकपॉइंट आपल्या जागी तसाच राहतो. काही साध्या सूचनांसाठी हेही करावं लागत नाही. त्यांचा परिणाम कर्नल स्वतःच घडवून देतो.

फंक्शनमध्ये शिरल्याची नोंद अशी होते. फंक्शन संपल्यावर त्याने काय परत केलं, आणि मधे किती वेळ गेला, हे कळायला आणखी एक युक्ती आहे. फंक्शन सुरू होताना, परत कुठे जायचं याचा पत्ता स्टॅकवर ठेवलेला असतो. कर्नल तो पत्ता बाजूला ठेवतो आणि तिथे स्वतःचा पत्ता लिहितो. फंक्शन संपून परत निघालं की आधी कर्नलकडे येतं, नोंद होते, मग खऱ्या ठिकाणी जातं. याला युरेटप्रोब म्हणतात, आणि तो २०१३ मध्ये लिनक्स ३.१० मध्ये आला. प्रवेशाची वेळ आणि परतीची वेळ यांची वजाबाकी केली की फंक्शनने किती वेळ घेतला ते मिळतं. प्रत्यक्ष कामात याच वजाबाकीची सर्वांत जास्त गरज पडते.

आता बऱ्हाणपूरकराला जे सहज सुचेल ते सांगतो. आमच्या गावाजवळ लालबागेकडे कुंडी भंडारा आहे. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमारास बांधलेला. सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून वाहत गावाकडे येतं, आणि त्या वाटेवर ठराविक अंतराने विहिरीसारख्या कुंड्या आहेत. कुंडीत डोकावलं की खालून वाहणारं पाणी दिसतं आणि प्रवाह थांबत नाही. प्रोग्रामच्या लेखकाने आधीच ठरवून ठेवलेल्या निरीक्षणाच्या जागा या कुंड्यांसारख्याच असतात. बांधतानाच तिथे काहीही न करणारी एक सूचना घालून ठेवतात. कोणी डोकावत नाही तोवर तिचा खर्च जवळजवळ शून्य. कुंडी कुठे हवी याचा विचार बांधणाऱ्याने केलेला असतो, हा तिचा फायदा, आणि त्याने जिथे विचार केला नाही तिथे कुंडी नसते, ही तिची मर्यादा. युप्रोबमुळे बोगद्यावर कुठेही, आपल्याला हवी तिथे, तात्पुरती कुंडी उघडता येते आणि काम झाल्यावर जमीन पूर्ववत करता येते. गंमत अशी की लेखकाने घातलेल्या त्या निष्क्रिय सूचनेवर पहारा बसवण्याचं कामही शेवटी युप्रोबच करतो.

या आधी ठेवलेल्या कुंड्यांचं एक सुंदर उदाहरण पुण्याशी जोडलेलं आहे. सी लायब्ररीतल्या गणिताच्या भागात घातांक, लॉगरिदम, साइन, कोसाइन अशी फंक्शनं असतात. आयबीएमकडून आलेल्या या कोडचा पूर्वी हट्ट असा असे, की उत्तराचा शेवटचा बिटसुद्धा अचूक हवा. बहुतेक आकड्यांना पहिल्या फेरीतच उत्तर मिळे. पण काही आकडे असे असतात की उत्तर दोन शेजारच्या संख्यांच्या मध्याच्या अगदी जवळ पडतं, आणि कोणीकडे झुकवायचं ते ठरवायला आणखी अंक काढावे लागतात. मग लायब्ररी वेगळ्या वाटेला लागे आणि अधिकाधिक अंक घेऊन गणित करी, काही वेळा ७६८ बिटांपर्यंत. त्या वाटेला लागलेलं फंक्शन शेकडो पटींनी मंद होऊ शके. प्रोग्राम लिहिणाऱ्याला याचा पत्ता नसे. त्याला दिसे ते एवढंच, की काही दिवशी तेच गणित विनाकारण रेंगाळतंय.

पुण्यातून रेड हॅटसाठी सी लायब्ररीवर काम करणाऱ्या सिद्धेश पोयरेकर यांनी २०१३ मध्ये या मंद वाटेचा वेग वाढवण्याचं काम हाती घेतलं. ते काम करतानाच त्यांनी त्या वाटेच्या तोंडाशी निरीक्षणाच्या जागा ठेवल्या. फेब्रुवारी २०१४ मध्ये आलेल्या २.१९ या आवृत्तीत त्या जगभर पोहोचल्या. लायब्ररीच्या अधिकृत माहितीपुस्तकात त्यांची यादी दिलेली होती: कोणतं फंक्शन, अचूकतेची कोणती पायरी, कोणता आकडा आत आला आणि कोणतं उत्तर निघालं. त्यानंतर ज्याचा प्रोग्राम गणितात रेंगाळत होता त्याला अंदाज बांधायची गरज उरली नाही. त्या जागेवर पहारा बसवायचा आणि दिवसभर मोजायचं. आकडा शून्य आला तर दोष दुसरीकडे शोधायचा. हजारांत आला तर नेमके कोणते आकडे त्रास देतात तेही हातात. पुढे ऑगस्ट २०१८ च्या २.२८ आवृत्तीत घातांकाची आणि लॉगरिदमची फंक्शनं नव्यानं लिहिली गेली, तोवर त्यांच्या मंद वाटाही काढून टाकल्या गेल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर तिथल्या जागांचं कामही संपलं. माझ्या दृष्टीने हे उदाहरण मोलाचं आहे, कारण पोयरेकर यांनी दुरुस्ती तर केलीच, शिवाय ती पुरेशी आहे की नाही हे इतरांनी स्वतःच्या यंत्रावर तपासावं याची सोयही करून ठेवली.

आपल्या पेढ्यांवर येणारी दुखणी मात्र याहून साधी असतात. एक प्रकार पुन्हापुन्हा दिसतो. बिलाचा प्रोग्राम मधूनच अडकतो, साधारण पाच सेकंद, मग सुरळीत चालतो. कोणी म्हणतं स्मृती कमी आहे, कोणी म्हणतं डेटाबेस जुना झालाय, कोणी नवा संगणक घ्यायला सांगतं. अशा वेळी सी लायब्ररीतल्या, नावावरून पत्ता शोधणाऱ्या फंक्शनवर जाताना आणि येताना असे दोन पहारे बसवा. कोणत्या प्रोग्रामने कोणतं नाव विचारलं आणि उत्तराला किती वेळ लागला, हे पडद्यावर येऊ लागतं. पुष्कळदा बाकी सगळी उत्तरं काही मिलिसेकंदांत येतात आणि मधलीच एखादी पाच हजार मिलिसेकंदांनी येते. पाच सेकंद हा सी लायब्ररीचा ठरलेला वाट पाहण्याचा काळ. म्हणजे यादीतला पहिला नाव-सर्व्हर उत्तर देत नाही, आणि लायब्ररी तेवढा वेळ थांबून दुसऱ्याकडे वळते. दुरुस्ती एका ओळीची, खर्च काहीच नाही. असा प्रकार दिसला की मला नेहमी वाटतं, किती नवे संगणक अशा एका ओळीपायी विकत घेतले गेले असतील.

या कामाला लागणारी अवजारं आता सोपी झाली आहेत. कर्नलच्या ट्रेसिंगच्या फाइलींत एक ओळ लिहून पहारा बसवता येतो. पर्फ या साधनाने तो नावानिशी बसवता येतो. २०१५ पासून युप्रोबला ईबीपीएफचे, म्हणजे कर्नलच्या आतच चालणारे, छोटे प्रोग्राम जोडता येतात, आणि तिथून या क्षेत्राचं रूपच पालटलं. पूर्वी प्रत्येक घटनेची नोंद बाहेर आणून मग मोजावी लागे. आता मोजणी कर्नलच्या आतच होते आणि बाहेर येतो तो फक्त गोषवारा. असा छोटा प्रोग्राम आत घेण्यापूर्वी कर्नल त्याची तपासणी करतो, त्यामुळे तो अनंत काळ फिरत राहील किंवा नको त्या स्मृतीला हात लावील ही भीती राहत नाही. बीसीसी या संचात पन्नासांहून अधिक तयार अवजारं आहेत, आणि ॲलस्टेर रॉबर्टसन यांनी सुरू केलेल्या बीपीएफट्रेसमध्ये हवा तो प्रश्न एका ओळीत विचारता येतो. या पुस्तकातली बहुतेक उदाहरणं बीपीएफट्रेसमध्ये आहेत आणि ते योग्यच आहे.

मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. प्रत्येक वेळी कर्नलमध्ये शिरून परत येण्याचा खर्च एखाद-दोन मायक्रोसेकंदांच्या घरात असतो. सेकंदाला शंभर वेळा बोलावल्या जाणाऱ्या फंक्शनसाठी तो नगण्य आहे. स्मृती मागणारं फंक्शन सेकंदाला दहा लाख वेळा बोलावलं जात असेल, तर त्यावर पहारा बसवल्याबरोबर प्रोग्राम गुडघे टेकतो. कंपाइलरने छोटं फंक्शन मोठ्यात विरघळवून टाकलं असेल तर पहारा बसवायला जागाच उरत नाही. पायथॉनच्या प्रोग्राममध्ये पहारा बसतो तो पायथॉन चालवणाऱ्या यंत्रणेवर, तुमच्या लिहिलेल्या ओळीवर नाही. जावामध्ये कोड चालता चालता तयार होतो, त्याला फाइलच नसते. आणि गो भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामांवर युरेटप्रोब वापरूच नये. गो आपला स्टॅक वाढवताना उचलून दुसरीकडे नेतो, त्या वेळी परतीचे पत्ते तपासतो, आणि तिथे कर्नलने ठेवलेला अनोळखी पत्ता सापडला की प्रोग्राम कोसळतो. पेढीच्या एकुलत्या यंत्रावर हा धोका कोणी पत्करू नये.

याहून मोठी जबाबदारी नजरेची आहे. बीसीसीच्या संचात एक अवजार असं आहे की ते ओपनएसएसएल या मजकूर कुलूपबंद करणाऱ्या लायब्ररीच्या वाचण्या-लिहिण्याच्या फंक्शनांवर पहारा बसवतं. तिथे मजकूर कुलूपबंद होण्याआधीचा किंवा उघडल्यानंतरचा असतो, म्हणजे उघडा. पासवर्ड, खात्याचे आकडे, खासगी पत्रव्यवहार, सगळं साध्या अक्षरांत दिसू शकतं. दुसरं एक छोटं अवजार बॅश शेलच्या ओळ वाचणाऱ्या फंक्शनवर पहारा ठेवून यंत्रावर कोण काय टाइप करतंय ते दाखवतं. हे करायला रूटचा अधिकार लागतो, आणि ज्याच्याकडे तो अधिकार आहे त्याला तांत्रिक अडसर जवळजवळ उरत नाही. आपल्या गावांत संगणक दुरुस्त करणारा माणूस ओळखीचा असतो, घरचा असतो, त्याच्यावर आंधळा विश्वास असतो. म्हणून माझा आग्रह आहे, की कोणत्या फंक्शनवर, कशासाठी आणि किती वेळ पहारा बसवणार, हे यंत्राच्या मालकाला आधी त्याच्या भाषेत सांगावं. मजकूर वाचण्याची गरज नसेल तर वाचू नये. वेळ आणि संख्या मोजून भागतं तिथे तेवढंच मोजावं. या विषयाला पुस्तकात स्वतंत्र प्रकरण दिलं आहे, ते वगळून कोणी पुढे जाऊ नये.

काम अजून चालू आहे. २०२३ च्या लिनक्स ६.६ मध्ये एकाच वेळी अनेक ठिकाणी पहारे बसवण्याची जलद सोय आली. २०२४ च्या ६.११ मध्ये इंटेलच्या जातीच्या ६४ बिटी प्रोसेसरांवर युरेटप्रोबचा खर्च कमी झाला, कारण तिथे ब्रेकपॉइंटऐवजी कर्नलला थेट हाक मारण्याची पद्धत आली. पेढीवरच्या जुन्या यंत्रावर या गोष्टी मिळणार नाहीत. पण ३.५ च्या पुढची कोणतीही आवृत्ती असेल, आणि तिच्या बांधणीत ही सोय चालू ठेवलेली असेल, तर मूळ साधन तिथे आहे. नवी अवजारं चालत नसतील तिथे ट्रेसिंगच्या फाइलींत हाताने ओळ लिहिण्याची पद्धत चालते. ती तिसऱ्या प्रकरणात नीट समजावली आहे.

वाचकाला सी भाषा थोडी वाचता यावी आणि टर्मिनलची भीती नसावी, एवढी तयारी पुरे. प्रोसेसरच्या सूचना पाठ असण्याची गरज नाही. पुस्तक ओळीने वाचायचं नसेल तर आधी पाचवं प्रकरण घ्या, कारण त्यात नाव शोधणाऱ्या फंक्शनचं उदाहरण पूर्ण करून दाखवलं आहे. ते आपल्या घरच्या यंत्रावर करून पाहा, उत्तरं मिलिसेकंदांत येताहेत याची खात्री करा, मग नाव-सर्व्हरच्या यादीत मुद्दाम एक खोटा पत्ता वर टाकून तेच पुन्हा मोजा. पडद्यावर पाच हजारांच्या आसपासचा आकडा दिसला की यादी पूर्ववत करा आणि सहाव्या प्रकरणाकडे वळा.

सिंधीपुरा, बऱ्हाणपूर